जिभेवरचं कुटार

“लाइट काहून बंद केला वं?” मारोतराव ओरडले आणि त्यांनी झटकलेला हात सरळ राखीच्या कानशिलावर बसला.

तिच्या हातातली काळी चमची फरशीवर पडून खुर्चीखाली गेली. लाइट चालूच होता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा डबा इतका झगझगीत पेटलेला होता की त्या उजेडात मारोतरावांच्या दाढीचे पांढरे खुंट एकेक दिसत होते. तिनं फक्त त्यांचा डावा डोळा चमचीनं झाकला होता. एवढ्यानं या माणसाचं जग विझलं होतं. नऊ दिवस दुखऱ्या उजव्या डोळ्यावर उपरणं दाबून तो फिरला, जेवला, बैल सोडले, बांधले, आणि डावा डोळा बिचारा दोघांचं ओझं एकटा ओढत राहिला. उजवा कधी बसला ते त्याला कळलंच नाही. डोळ्यांची जोडी अशीच असते. एक मेला तरी दुसरा बोंब मारत नाही. यवतमाळच्या या दवाखान्यात अकरा वर्षं नजर तपासताना राखीनं हे दर आठवड्याला पाहिलं होतं. याच खुर्चीत बसून माणसं आपला आंधळा डोळा पहिल्यांदा शोधून काढत. काही रडत, काही ‘चमचीतच खोट हाय’ म्हणत. मारलं आज पहिल्यांदा. गाल जळत होता. त्याहून तिला भीती वाटली ती आपल्या उजव्या हाताची, कारण तो अर्धा वर गेला होता. मूठ वळलेली. साठीच्या पेशंटवर. तिनं तो तसाच केसांकडे नेला आणि उगाच एक बट कानामागं सारली.

“बाबा! मॅडमले मारता काय!” मागं उभा असलेला त्यांचा मुलगा नयन पुढं आला. पंचविशीतला, उन्हानं रापलेला, शर्टाच्या खिशात मोबाइल आणि कंगवा. “राग नका मानू, मॅडम. बुढा असाच हाय. म्हैस दूध चोरते, तं तिले बी असाच हाणते.”

“मी मुद्दाम हाणलं काय बे?” म्हातारा कावराबावरा झाला होता. “एकदम अंधार झाला, बापा. मले वाटलं, कोनं पोत्यात घातलं.”

राखीनं कागद ओढला. गाल जळत असताना अक्षर नीट येत नाही हे तिला लहानपणापासून माहीत होतं. काय लागलं होतं डोळ्याला, तिनं विचारलं.

“सोयाबीन काढून राह्यलो होतो. मळणीच्या मशिनीच्या, हडंब्याच्या, तोंडाशी मीच होतो. कुटार उडालं, भुसा नुसता, अन् काडी गेली डोयात. चोळलं, तं आणखीच रुतलं.”

“मग?”

“मंग काय, बंजाऱ्याइच्या तांड्यात गेलतो. लालीबाईपाशी. जीभ फिरवली तिनं, अन् निंघालं. एवढुसं कुसळ होतं.” म्हाताऱ्याच्या आवाजात आता जरा जीव आला. “तिची जीभ सोनं हाय, मॅडम. माह्या बापाच्या डोयातलं तिनं काढलं, माह्या काढलं, या नयनच्या बी काढलं. दवाई बी देल्ली तिनं. मोठ्या दवाखान्याची हाय म्हणे. चार चार बार टाकली रोज.”

“हे पा,” म्हणून नयननं खिशातून बोटाएवढी शिशी काढून टेबलावर ठेवली.

शिशीवर कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर निळ्या पेनानं तीन सूर्य काढले होते. पहिला टेकडीतून वर येणारा, दुसरा गोल, डोक्यावरचा, तिसरा अर्धा बुडालेला. तिसऱ्याच्या खाली पेन अडखळून शाईचा ठिपका पडला होता. तो ठिपका राखीच्या हातून पडला होता. मागच्या वर्षी याच दवाखान्यात तिच्या आईचं, लालीबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईला अक्षर येत नाही, म्हणून कोणत्या वेळी थेंब टाकायचा ते राखीनं सूर्य काढून दिलं होतं. एक शिशी पुरली असती. तिनं तीन दिल्या होत्या, वरच्या दोन, दवाखान्यात नमुन्याच्या म्हणून आलेल्या. ‘महागाची दवा आहे, याडी, जपून ठेव,’ असंही आईला म्हणाली होती. लेकीच्या मोठेपणाचं जरा दिसलं पाहिजे ना तांड्यात. रोज पेशंटच्या नातेवाइकांना ती पोपटासारखं सांगायची, उरलेली शिशी फेकून द्या, एकाच्या डोळ्याची दवा दुसऱ्याच्या डोळ्यात जायची नाही, या थेंबानं लाली झटकन उतरते म्हणून भुलू नका. ऑपरेशननंतर हाच थेंब डोळा शांत करतो. कुटार लागून बुबुळावर जखम झालेली असेल आणि त्या काडीबरोबर वावरातली बुरशी आत शिरली असेल, तर तोच थेंब बुरशीला खतासारखा लागू पडतो. वरून लाली उतरते, माणूस म्हणतो बरं वाटून राह्यलं, आणि आत पीक वाढत जातं.

तिनं शिशी उचलली. कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि शिशी ॲप्रनच्या खिशात टाकली. नयननं पाहिलं. त्याला वाटलं, दवाखान्याची रीत असेल.

डॉक्टर अर्पिता मॅडमनी म्हाताऱ्याची हनुवटी यंत्रावर टेकवली. उजेडाची उभी फट बुबुळावरून फिरवली. बाजूच्या पडद्यावर तो डोळा ताटाएवढा झाला: मधोमध दह्यासारखा पांढरा डाग, त्याच्या कडा भिंतीत रुजलेल्या पिंपळाच्या मुळ्यांसारख्या पसरलेल्या, आणि खाली पू साचून पातळी धरलेला. गावात याला फूल पडलं म्हणतात. कोणी ठेवलं असेल असल्या गोष्टीला फूल असं नाव? राखीला वाटलं, पडद्यावर हात मारावा, काच फुटेपर्यंत मारावा. “बुरशी आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण नऊ दिवसांत इतकं खोल? राखी, यांनी स्टिरॉइडचे थेंब टाकलेत का कुठले?”

“माहीत नाही, मॅडम.”

तीन शब्द. पाणी प्यायल्यासारखे सहज गेले. स्टिरॉइड म्हणजे तीच शिशी, हे बापलेकांना कळलं नाही. खिशातली शिशी मांडीला लागत होती.

“आणि काडी काढली कोणी?”

“जिभेनं काढली,” नयन म्हणाला. “तांड्यातली एक बाई हाय, थे काढते.”

मॅडम चिडल्या. त्या मनानं वाईट नव्हत्या. सकाळपासून चौथा डोळा होता हा, सगळे हडंब्यावरचे, सगळे उशिरा आलेले. “जिभेनं डोळा चाटतात? अरे, तोंडात किती घाण असते माणसाच्या! पहिल्या दिवशी स्वच्छ पाण्यानं धुऊन सरळ इथं आला असतात तर आठवड्यात मोकळे झाला असतात. आता नजर विसरा. बुबुळ फुटलं तर डोळाच काढावा लागेल. अशा बायांना आत टाकलं पाहिजे.”

मारोतराव यंत्रावर हनुवटी ठेवून तसेच बसले होते. डोळा काढायची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचल्यावर त्यांनी फक्त विचारलं, “मंग हळद कोन लावन नयनले? एका डोयाचा बाप चालते काय मांडवात?” नयनचं लग्न ठरलं होतं. त्याच्या जबड्याची हाडं हलली. तो खोलीबाहेर गेला, आणि राखीनं दारातून ऐकलं, तो फोनवर कोणाला तरी सांगत होता, अगदी शांतपणे, बियाणं आणायला निघाल्यासारखा: “बाबाले भरती केलं. तू ये अन् बस त्याइच्यापाशी. मी तांड्यात जाऊन राह्यलो. बुढीची जीभ कापतो.” मग मोटरसायकलची लाथ ऐकू आली. एक, दोन, तिसरी लागली.

राखी जिन्यावरून उतरली तेव्हा ॲप्रन अंगातच होता. तिनं स्कूटी काढली. बाभुळगावच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला कुठल्या चौकात सिग्नल होता, कुठे नव्हता, काही कळलं नाही. एका ऑटोवाल्यानं तिच्या आईवरून शिवी दिली तेवढी फक्त कानात शिरली आणि आत जाऊन बसली. तांड्यातल्या हंसाबाईला तिनं फोन लावला. हंसाबाई म्हणाली, याडी खळ्यावर आहे, किसनसिंग नायकाचा हडंबा चालू आहे, सगळे तिथंच, इतका गलका आहे की कोणाचा फोन कोणाला ऐकू जात नाही, कांई वेगो, काय झालं गं? राखीनं सांगितलं, याडीला घरात कोंडून घाला. “कोंडू? लालीला?” हंसाबाई हसली. “तुह्या बापानं तीस वर्षं कोशिस केली, पोरी.”

बाप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्यांतून उडालेले पांढरे पुंजके बाभळींच्या काट्यांना अडकले होते, उन्हात हलत होते, आणि राखीला बाप दिसत होता. भीमसिंग. त्याचा हात. बाकी माणूस आता पुसट झाला होता, आवाजही आठवत नव्हता, पण हात स्पष्ट होता, अंगठ्याच्या नखात काळी रेघ, मनगटावर गोंदलेला विंचू. ती नऊ वर्षांची होती. ज्वारीची मळणी चालली होती, आणि सकाळी कशावरून तरी, कदाचित कशावरूनच नाही, बापानं बैल हाकायच्या तुतारीनं आईच्या डाव्या डोळ्यावर हाणलं होतं. डोळा पिकल्या बोरासारखा सुजला. आई तशीच खळ्यावर आली, तशीच कणसं सारत राहिली. दुपारी वारा फिरला आणि बापाच्या डोळ्यात कुसळ गेलं. तो गुरासारखा ओरडला. मातीत बसला. एवढा मोठा माणूस मातीत बसून पाय घासत होता, आणि राखीच्या पोटात काहीतरी गोड, गरम असं उसळलं. ते काय होतं ते तिला पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं. मग आई गेली. तिनं तीनदा चूळ भरली, प्रत्येक चुळीला तांड्याच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेतलं, बापाचं डोकं मांडीवर घेतलं, दोन अंगठ्यांनी त्याच्या पापण्या फाकवल्या आणि वाकली. तिच्या सुजलेल्या डोळ्यातून पाणी गळून त्याच्या कपाळावर पडत होतं. तिची जीभ त्याच्या उघड्या बुबुळावरून हळूहळू फिरत होती, गाय वासराला चाटते तशी. चाव, याडी. राखी मनात ओरडत होती. आता तुझ्या दातांत आहे तो. चाव. फोड. आई उठली. तिनं कुसळ जिभेवरून तळहातावर घेतलं आणि बापाला दाखवलं, “पाय, निंघालं.” बाप डोळे मिचकावत उभा राहिला आणि म्हणाला, आता कसं मोकळं वाटते. राखीनं त्या दिवशी आईशी बोलणं सोडलं. चार दिवस.

तिला आठवलं, मोतीबिंदूच्या वेळी अर्पिता मॅडमनी विचारलं होतं, दुसऱ्या डोळ्याला काही नाही आणि याच डोळ्यात एवढा पिकलेला कसा? हा माराचा मोतीबिंदू दिसतो. मार लागला होता का कधी, आजी? आणि आईनं हसून सांगितलं होतं, “बैलाचं शिंग लागलं व्हतं, बाई.” राखीनं स्वतःच्या हातानं केसपेपरवर लिहिलं होतं, बैल. आम्ही मायलेकी लपवण्यात हुशार, तिला वाटलं. आज मी सांगितलं, माहीत नाही.

तांड्यात दरवर्षी सप्ताह बसायचा. वणीकडून एक बुवा यायचे, बारीक, खोकणारे. पण चाल धरली की मृदंगवाल्याला घाम फुटायचा. ते एकदा निरूपणात म्हणाले होते, देवानं आधी पापणी केली, डोळा मागून केला; अरे बाबांनो, राखणदार आधी नेमतो, मग धन ठेवतो, अशी त्याची कारागिरी. सगळा मांडव ‘आहा’ म्हणाला होता. राखी आजही कामावर येता-जाता कानात कीर्तन लावते. मैत्रिणी हसतात, तीस-पस्तिशीतच म्हातारी झाली म्हणतात. पण त्या गाण्यात तिला एक जागा मिळायची जिथं कोणाचा हात पोचत नाही. आत्ता तिनं ती जागा शोधली. सापडेना. कानात नुसता मृदंग होता, बोल नसलेला, थापेवर थाप, आणि प्रत्येक थाप कुणाच्या तरी तोंडावर पडत होती. बापाची आईवर. मारोतरावांची तिच्यावर. आणि तिची? तिची थाप तर दिसलीच नव्हती कुणाला. थेंबाथेंबानं पडली होती, दिवसातून चार वेळा, नऊ दिवस, एका म्हाताऱ्याच्या बुबुळावर. बाप तरी उघड्यावर मारत होता.

आणि आईची जीभ? ती निर्दोष होती का? राखीला खरंच माहीत नव्हतं. आई दातांना तंबाखूची मिसरी लावायची. तीन चुळांनी ती कितीशी जाणार. कुसळानं कोरलेल्या जखमेवर तोंडातली घाण जात असणारच, मॅडमचं खोटं नव्हतं. पण बुरशी कुटाराची होती आणि खत राखीचं होतं. तरीही जीभ कापायला निघालेल्या माणसाला हा हिशोब कोण सांगणार? आणि त्या जिभेत काय होतं ते मॅडमना कुठं माहीत होतं. पंचक्रोशीतली कुणब्याची मोठी घरं आईला ओसरीवर चढू देत नसत. चहा द्यायचे, पण तिचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा. त्याच घरातली माणसं कुटार गेलं की तिच्या मांडीवर डोकं ठेवायची आणि उघडा डोळा तिच्या जिभेखाली द्यायची. जिभेला विटाळ नव्हता. आई कधी त्यांच्याकडून सुपभर दाणेही घ्यायची नाही. डोळ्याचं काही घेतलं तर जीभ बाटते, म्हणायची. सगळ्या आयुष्यात ती कोणाच्या वर उभी राहिली असेल तर फक्त त्या दोन मिनिटांत, आणि तेही वाकून. राखीनं दोन वर्षांपूर्वी खळ्यावर घालायला साध्या काचेचे चष्मे नेऊन दिले होते, बाजूनं बंद असलेले. माणसं हसली होती. “हडंब्यावर काय हिरो बनून जाव, बाई?” आणि एक जण म्हणाला होता, “लालीबाई हाय ना, कायले चष्मा?” तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते राखीनं पाहिलं, आणि तिनं पुन्हा चष्म्याचं नाव काढलं नाही. आईचं तेवढं एक होतं. ते काढून घ्यायचा धीर झाला नाही. तो धीर झाला असता, तर आज... 

तिनं स्कूटी बाजूला घेतली. एकेक मिनिट मोलाचं होतं आणि तरी तिनं ती थांबवली, कारण तिकडे खाटेवर मारोतराव पडले होते आणि त्यांच्या डोळ्यात काय गेलं आहे ते मॅडमना माहीत नव्हतं. तिनं मॅडमना फोन लावला. “मॅडम, स्टिरॉइड होतं. नऊ दिवस. शिशी माझी होती. याडीच्या ऑपरेशनची.”

पलीकडून मॅडम म्हणाल्या, “तासाभरापूर्वी विचारलं होतं मी तुला.”

“हो.”

“डोळा वाचेल का ते सांगत नाही. ठेव फोन, मला औषधं बदलू दे.” आणि ठेवता ठेवता, “उद्या येऊन भेट.” उद्या या शब्दाला धार होती. राखीनं ती ऐकली. पण आता तिच्या मांडीला शिशी तेवढी टोचत नव्हती, फक्त होती.

खळं रस्त्यावरूनच दिसत होतं. हडंबा धडधडत होता, त्याच्या तोंडातून कुटाराचा पिवळा फवारा उडून मोठा ढीग झाला होता, आणि ढिगाच्या अलीकडे माणसांचं कडं. कड्यात काठ्या वर होत्या. नयनची मोटरसायकल आडवी पडलेली, चाक अजून फिरतंय. वाटेत कुठं अडकला असेल, आत्ताच पोचला होता. राखी माणसांना ढकलत आत शिरली. नयननं तिच्या आईला ट्रॅक्टरच्या चाकाशी दाबून धरलं होतं, एका हातानं जबडा, दुसऱ्या हातात सोयाबीन कापायचा विळा, इथंच कुठंतरी पडलेला उचललेला. त्याचा अंगठा आईच्या तोंडात होता. आईच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, मिसरीनं काळी. “काढ जीभ!” तो ओरडत होता, “काढ! माह्या बापाचा डोया खाल्ला तुह्या जिभेनं, काढ थे भाईर!” आणि किसनसिंग नायक, सत्तरीचा म्हातारा, काठी दोन्ही हातांत धरून म्हणत होता, “पोट्ट्या, सोड तिले. एक थेंब रक्त निंघालं तं तुले याच कुटारात पुरतो.” त्याच्या मागची पोरं वाटच पाहत होती. राखीनं त्यांचे डोळे पाहिले. पुरतील. खरोखर पुरतील. एक जीभ आणि एक जीव, दोन्ही विळ्याच्या एका हिसक्याच्या अंतरावर.

आई मात्र नयनकडे पाहत होती. ओठ अंगठ्यानं फाकलेले, आणि नजर अशी की त्याच्याच डोळ्यात काही गेलंय का ते ती शोधते आहे.

“नयन!” राखी किंचाळली. हडंब्याच्या आवाजात तिचा आवाज बुडाला. ती पुढं झाली, तिनं त्याच्या विळ्याच्या हाताला दोन्ही हातांनी लटकून धरलं. “नयन, दवा माझी होती! ते थेंब! मी दिले होते तिले! माह्या हातचे सूर्य हायेत त्याच्यावर, पाय!” दवाखान्यातली शुद्ध भाषा कधी गळून पडली तिला कळलं नाही. तिनं शिशी काढून त्याच्या तोंडासमोर धरली. “जिभेनं कुटार काढलं. डोया माह्या दवेनं गेला. मी लालीबाईची पोरगी हाव. तुह्यासमोर शिशी लपवली मी. डॉक्टरले खोटं बोलली मी. तिची जीभ नाई. मी.”

कोणीतरी हडंबा बंद केला. एकदम इतकी शांतता झाली की कुटार खाली बसताना ऐकू येत होतं.

नयनचा अंगठा आईच्या तोंडातून निघाला. आईनं पहिलं काय केलं असेल, तर राखीकडे वळून विचारलं, “दवा तं चांगली व्हती ना, बेटी? तूच म्हणली, महागाची हाय. म्हणून म्या माह्या डोयात नाई टाकली. लोकाइसाठी ठेवली.”

राखीला वाटलं, हे ऐकण्यापेक्षा विळा बरा होता.

नयननं विळा टाकला. तो रडत होता, तोंड वाकडं न करता, आणि रडता रडताच त्यानं राखीला छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. नुसतं ढकलणं नव्हतं ते. त्यात बाप होता, लग्न होतं, नऊ दिवस दवा टाकणारे त्याचे स्वतःचे हात होते. ती मागं कुटाराच्या ढिगात गेली, डोक्यापर्यंत. तोंडात, नाकात, डोळ्यांत कुटार. आणि वर धप्प धप्प आवाज सुरू झाला. पोरं नयनवर तुटून पडली होती. काठीचा मांसावर येणारा आवाज वेगळा असतो, ओला. राखी तो ओळखत होती. ती उठू पाहत होती आणि डोळे उघडत नव्हते. उजव्या डोळ्यात तर सुई खुपसल्यासारखं झालं होतं. आईचा आवाज आला. एवढा मोठा आवाज आईनं कधी बापावरही काढला नव्हता. “सोडा त्याले! सोडा म्हणते ना, मुडद्याहो! त्याचा बाप आंधळा होऊन राह्यला अन् तुम्ही याचे फोडता काय डोळे?” आवाज थांबले. कोणी कण्हत होतं, नयन असेल. कोणी त्याला उठवत होतं, कोणी म्हणत होतं, पाणी द्या बे त्याले.

मग आईची चाहूल. चूळ भरल्याचा आवाज. सेवाभायाचं नाव. दुसरी चूळ. तिसरी. आईचे हात तिच्या डोक्याखाली आले, मांडी आली, मिसरीचा वास, ते दोन खरबरीत अंगठे पापण्यांवर. “हलू नको,” आई म्हणत होती, गोरबोलीत, तांड्याच्या बोलीत, लहानपणी म्हणायची तसं, “हलू नको, आत्ता काढते.” आणि राखीच्या अंगातली प्रत्येक नस सैल पडायला लागली. दे तिला. दे डोळा. आत्ता तिच्याकडे एवढंच उरलंय, सगळ्या तांड्यासमोर थोबाड धरून उभी केली होती तिला, आता हे तरी दे. एक डोळा आहे तुझ्याकडे देण्यासारखा. आईचा श्वास तिच्या गालावर आला, गरम.

राखीनं हात वर केला आणि आईचा जबडा धरला. जोरात धरला. नयननं धरला होता त्याच जागी. बोटांखाली त्याच्या बोटांचे वळ तिला लागले. “नाही, याडी.”

आई थांबली. राखीला ती दिसत नव्हती. हातात फक्त जबडा होता, एक हाड, म्हातारं, आणि ते थरथरायला लागलं होतं. तिनं सोडलं नाही. “मार पाहिजे तं मले,” राखी म्हणाली. “पण जीभ नको. माह्या डोयात बी नको, कोनाच्याच नको. यापुढं कधीच नको.”

“मंग?” आईनं विचारलं. फार बारीक आवाजात, लहान पोरीनं विचारावं तसं. “मंग काय करू वं मी?”

“पाणी. प्यायचं, चांगलं. धार धर. थांबवू नको.”

कोणीतरी पिण्याच्या पाण्याचा कॅन ओढत आणला, मातीवर घासत. नळी फिरवल्याचा आवाज. मग पाणी आलं, आधी कपाळावर, नाकात, चुकीच्या ठिकाणी, कारण आईला सवय नव्हती. लांबून काही करायची सवय नव्हती तिला. राखीनं जबडा सोडला आणि चाचपत आईचं मनगट धरून योग्य जागी आणलं. थंड धार उघड्या डोळ्यात पडली, जळजळली, वाहिली, आणि तिच्याबरोबर एक बारीक काडी गालावरून घसरून कानापाशी गेली. “निंघालं,” कोणीतरी म्हणालं. आईनं कॅन बाजूला केला नाही. राखीनं डोळा मिचकावला, पुन्हा उघडला. पाण्याच्या पडद्यातून, खूप जवळ, आईचा चेहरा होता, वाकलेला, जबड्यावर लाल वळ, आणि ओठ एकमेकांवर इतके गच्च दाबलेले की पांढरे पडले होते. आणि धार चालू होती.